व्हिएतनाम युद्ध : अमेरिकेतली भेग नेमकी कुठे होती?

परदेशातलं युद्ध लांबलं की घरात दुही माजते, याचा दाखला म्हणून अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धाकडे हमखास बोट दाखवलं जातं. दाखला योग्यच आहे. मात्र त्या दुहीची जी गोष्ट सांगितली जाते ती फारच सोपी करून सांगितलेली असते. एका बाजूला शांततावादी तरुण, दुसऱ्या बाजूला युद्धखोर वडीलधारे, मध्ये टीव्हीचे कॅमेरे आणि शेवटी मोर्च्यांपुढे झुकलेलं सरकार. त्या काळातल्या जनमत चाचण्या, निवडणुकांचे आकडे आणि लष्करभरतीच्या नोंदी बघितल्या तर यातला जवळपास प्रत्येक तुकडा डळमळतो.

मार्च १९६५ मध्ये दा नांगच्या किनाऱ्यावर अमेरिकी मरीन उतरले. एप्रिल १९६९ पर्यंत तिथल्या अमेरिकी सैन्याची संख्या ५ लाख ४३ हजारांवर गेली. ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मेले. व्हिएतनामी माणसं किती मेली याचा हिशोब लाखांत करावा लागतो. व्हिएतनाम सरकारने १९९५ मध्ये दिलेला आकडा होता वीस लाख नागरिक आणि अकरा लाख लढवय्ये. अमेरिकेतली दुही समजून घेताना हे प्रमाण नजरेआड करू नये.

गैरसमज १ : देश पहिल्या दिवसापासून दुभंगलेला होता

वस्तुस्थिती : सुरुवातीला एकी इतकी होती की तीच घातक ठरली. ७ ऑगस्ट १९६४ रोजी टोंकिनच्या आखाताबाबतचा ठराव आला आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना युद्धाची जवळपास मोकळीक मिळाली. प्रतिनिधीगृहात मतं पडली ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. विरोध करणारे दोघे, वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग, १९६८ मध्ये आपापल्या जागा गमावून बसले. ठरावाला निमित्त झालेल्या, अमेरिकी युद्धनौकांवरच्या दोन हल्ल्यांपैकी ४ ऑगस्टचा दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे आज अमेरिकेच्या सरकारी कागदपत्रांवरूनच स्पष्ट आहे.

युद्धात सैन्य पाठवणं ही चूक झाली का, हा प्रश्न गॅलप या जनमत चाचणी संस्थेने वर्षानुवर्षं विचारला. ऑगस्ट १९६५ मध्ये ‘हो’ म्हणणारे होते २४ टक्के. ऑक्टोबर १९६७ मध्ये ते ४७ टक्के झाले, ऑगस्ट १९६८ मध्ये ५३ आणि मे १९७१ मध्ये ६१. म्हणजे लोक एका रात्रीत फिरले नाहीत. मृतांची यादी वाढत गेली तसतसा पाठिंबा झिजत गेला. राज्यशास्त्रज्ञ जॉन म्युलर यांनी दाखवून दिलं की कोरियाच्या युद्धातही हेच झालं होतं : मृत-जखमींचा आकडा दसपट झाला की पाठिंबा साधारण पंधरा टक्क्यांनी उतरायचा.

गैरसमज २ : तरुण विरोधात होते, म्हातारे बाजूने

वस्तुस्थिती : उलट होतं. १९६५ मध्ये तिशीच्या आतल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांचा युद्धाला पाठिंबा होता. पन्नाशीच्या आसपास आणि पुढे तो जेमतेम निम्म्यावर होता. पुढे सगळ्यांचाच पाठिंबा घसरला, पण तरुण गट शेवटपर्यंत वडीलधाऱ्यांपेक्षा युद्धाच्या जास्त बाजूने राहिला. जुन्या पिढीने दोन महायुद्धं आणि कोरिया पाहिलं होतं, त्यामुळे दूरच्या देशात पोरं पाठवायचा उत्साह तिच्यात कमी होता.

शिक्षणाचंही तसंच. विरोध म्हणजे पदवीधरांचं काम अशी समजूत आहे. जानेवारी १९७१ च्या एका चाचणीत पदवीधरांपैकी ६० टक्के लोक सैन्य माघारी आणा म्हणत होते, तर फक्त प्राथमिक शाळा शिकलेल्यांपैकी ८० टक्के. कृष्णवर्णीय आणि स्त्रिया यांच्यातही विरोध सरासरीपेक्षा जास्त होता. विद्यापीठांत आंदोलनं झाली हे खरंच, पण ती प्रामुख्याने मोजक्या नामांकित विद्यापीठांत पेटली आणि कॅमेरे तिथेच पोचले. मिसिसिपीतल्या आजीबाईंचा किंवा गिरणीतल्या मजुराचा विरोध चाचणीच्या तक्त्यातच राहिला.

गैरसमज ३ : सक्तीच्या भरतीने सगळ्यांच्या घरावर सारखीच कुऱ्हाड पडली

वस्तुस्थिती : खरी भेग इथे होती. युद्धकाळात सुमारे २ कोटी ६८ लाख तरुण भरतीच्या वयात आले. त्यातल्या जवळपास १ कोटी ६० लाखांनी गणवेश अंगावर चढवलाच नाही. सक्तीने भरती झालेले २२ लाखांच्या आसपास. व्हिएतनामला गेलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश कागदोपत्री स्वेच्छेने गेले होते, पण या ‘स्वेच्छे’चा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. बोलावणं येणारच असेल तर आधीच नाव नोंदवून नौदल किंवा हवाई दल तरी पदरात पाडून घ्यावं, असा हिशोब अनेकांनी केला होता.

कोण सुटलं? कॉलेजात शिकणाऱ्याला शिक्षण संपेपर्यंत सवलत मिळायची. घरच्या डॉक्टरकडून आजाराचं प्रमाणपत्र आणता येणाऱ्याला सूट मिळायची. नॅशनल गार्ड या राज्यांच्या राखीव दलात ओळखीने जागा मिळाली तर परदेशी जायचा प्रश्नच बहुधा मिटायचा. निर्णय गावोगावच्या भरती मंडळांच्या हातात होते आणि मंडळावर गावातलीच प्रतिष्ठित मंडळी बसलेली असत. परिणामी लढणाऱ्या साध्या शिपायांमध्ये कामगार आणि गरीब घरांतली मुलं बहुसंख्य होती. १९६६ मध्ये संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी बौद्धिक चाचणीची अट सैल केली आणि एरवी नापास झाली असती अशी साडेतीन लाखांच्या आसपास मुलं सैन्यात घेतली. सुरुवातीच्या दोन वर्षांत मृतांमध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्याच्या जवळपास दुप्पट होतं. टीका झाल्यावर ते खाली आलं. ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये मार्टिन लूथर किंग युद्धाविरुद्ध उघडपणे बोलले ते याच अन्यायावर बोट ठेवून. त्याबद्दल न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट या दोन्ही वृत्तपत्रांनी अग्रलेखांतून त्यांना खडे बोल सुनावले.

ओरड वाढल्यावर सरकारने सोडत काढायचं ठरवलं. १ डिसेंबर १९६९ च्या संध्याकाळी वॉशिंग्टनमध्ये काचेच्या बरणीत निळ्या प्लास्टिकच्या ३६६ कुप्या ठेवल्या, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. टीव्हीवर थेट प्रक्षेपण सुरू होतं. पहिली कुपी काढली अलेक्झांडर पर्नी या काँग्रेस सदस्याने. चिठ्ठीवर १४ सप्टेंबर होतं. त्या दिवशी जन्मलेल्या, १९ ते २५ वर्षांच्या मुलांचा क्रमांक पहिला लागला. पुढच्या वर्षी १९५ व्या क्रमांकापर्यंत बोलावणी गेली. न्याय व्हावा म्हणून काढलेल्या या सोडतीतही घोळ निघाला. कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या आणि नीट ढवळल्याच नव्हत्या, त्यामुळे वर्षअखेरीस जन्मलेल्यांना धोक्याचे क्रमांक जास्त लागले, हे संख्याशास्त्रज्ञांच्या लगेच ध्यानात आलं.

गैरसमज ४ : टीव्हीने लोकमत फिरवलं

वस्तुस्थिती : जानेवारी १९६८ च्या अखेरीस टेट सणाच्या वेळी दक्षिण व्हिएतनामच्या शहरांवर हल्ले झाले. त्यानंतर २७ फेब्रुवारीला सीबीएस वाहिनीचे वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांनी, युद्ध कोंडीत अडकलं आहे, असं पडद्यावरून सांगितलं. ते बघून जॉन्सन यांनी हाय खाल्ली, अशी आख्यायिका आहे. प्रत्यक्षात कार्यक्रम लागला त्या वेळी जॉन्सन टेक्सासमध्ये एका वाढदिवसाच्या समारंभात होते. आणि ‘चूक झाली’ म्हणणाऱ्यांनी ‘नाही झाली’ म्हणणाऱ्यांना क्रॉन्काइट बोलण्याच्या कितीतरी आधी, १९६७ च्या शरदातच मागे टाकलं होतं. टेटपर्यंतचं टीव्हीवरचं वार्तांकन एकूण सरकारला अनुकूलच होतं, असं माध्यमांचे अभ्यासक डॅनियल हॅलिन यांनी त्या काळातल्या बातम्या तपासून दाखवलं आहे. टेटने धक्का दिला तो वेगळ्या कारणाने : विजय दृष्टिपथात आहे असं सरकार महिनोन्‌महिने सांगत होतं आणि सायगावमधल्या अमेरिकी वकिलातीच्या आवारात बंदुका चालत होत्या.

गैरसमज ५ : युद्ध चूक म्हणणारे मोर्चेकऱ्यांच्या बाजूने होते

वस्तुस्थिती : सगळ्यात जास्त फसगत इथे होते. मार्च १९६८ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत युद्धविरोधी यूजीन मॅकार्थी यांना ४२ टक्के मतं मिळाली. जॉन्सन यांना ४९. महिनाअखेर जॉन्सन यांनी पुन्हा उभं न राहण्याची घोषणा केली. शांततेची लाट आली, असा अर्थ सगळ्यांनी लावला. पण नंतरच्या अभ्यासात आढळलं, की मॅकार्थींना मत देऊन जॉन्सनवर राग काढणाऱ्यांत ‘युद्ध बंद करा’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘युद्ध जोरात करा’ म्हणणारे जास्त होते! ‘चूक झाली’ या एका उत्तरात दोन परस्परविरोधी राग होते : काहींच्या मते जायलाच नको होतं, तर काहींच्या मते हात बांधून लढायला नको होतं.

आणि युद्ध नकोसं झालेल्या बहुसंख्यांना निदर्शकही नकोच होते. ४ मे १९७० रोजी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डने १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या, चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. त्यानंतरच्या चाचणीत ५८ टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांना दिला, गार्डला केवळ ११ टक्क्यांनी. चारच दिवसांनी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर बांधकाम मजुरांनी शिरस्त्राणं घालून विद्यार्थ्यांच्या शोकसभेवर हल्ला चढवला. मग ते महापालिकेवर गेले आणि मृतांसाठी अर्ध्यावर उतरवलेला झेंडा वर चढवायला लावला. सत्तरएक जण जखमी झाले. यावरून मजूर युद्धखोर होते असा निष्कर्ष काढणं सोपं, पण चुकीचं. कामगारवर्गातला युद्धाला पाठिंबा इतरांपेक्षा जास्त नव्हता. ज्यांच्या आळीतली मुलं लढायला गेली होती, त्यांना कॉलेजची सवलत घेऊन झेंडा जाळणाऱ्या मुलांचा राग होता.

१९७२ ची निवडणूक हेच सांगते. युद्ध चूक होतं असं बहुमत असताना युद्धविरोधी उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न पन्नासपैकी ४९ राज्यांत हरले.

गैरसमज ६ : सैनिक एका बाजूला, निदर्शक दुसऱ्या

वस्तुस्थिती : १९६७ मध्येच परतलेल्या सैनिकांनी स्वतःची युद्धविरोधी संघटना काढली होती. एप्रिल १९७१ मध्ये शेकडो माजी सैनिकांनी संसदेच्या पायऱ्यांकडे आपली पदकं भिरकावली. त्यांच्यातले जॉन केरी सिनेटच्या समितीपुढे साक्ष देऊन गेले. परतलेल्या सैनिकांवर विमानतळावर निदर्शक थुंकायचे, ही गोष्ट मात्र घरोघरी पोचली. समाजशास्त्रज्ञ जेरी लेम्बके, जे स्वतः व्हिएतनामला गेले होते, त्यांनी त्या काळातले पुरावे धुंडाळले तर अशा थुंकण्याच्या समकालीन नोंदी सापडल्या नाहीत, या कथा पुढे वाढत गेल्या. एखादा प्रसंग घडलाच नसेल असं कोणी म्हणू शकत नाही. पण परतलेल्यांची खरी तक्रार बहुतेक वेळा अपमानाची नव्हती, त्यांच्याशी कोणी काही बोलतच नसे याची होती.

गैरसमज ७ : हे दोन पक्षांमधलं भांडण होतं

वस्तुस्थिती : युद्ध वाढवलं डेमोक्रॅटांनी आणि त्याची जाहीर उलटतपासणी १९६६ मध्ये सुरू केली तीही डेमोक्रॅट सिनेटर फुलब्राइट यांनीच. निधी रोखण्याच्या ठरावांवर दोन्ही पक्षांच्या सह्या असत. रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट मतदारांच्या मतांतलं अंतर सरासरी पाचएक टक्के होतं. इराक युद्धात ते साठ टक्क्यांवर गेलं. पक्षनिहाय तट हे पुढच्या काळातलं दृश्य आहे, ते आपण मागे नेऊन चिकटवतो.

गैरसमज ८ : युद्ध संपलं आणि दुही मिटली

वस्तुस्थिती : १९७३ मध्ये सक्तीची भरती थांबली, १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी भरती टाळणाऱ्यांना माफी दिली. तरी १९८१ मध्ये या युद्धाच्या स्मारकाचा आराखडा निवडला गेला तेव्हा पुन्हा जुंपली. १,४२१ प्रस्तावांतून २१ वर्षांच्या माया लिन या विद्यार्थिनीचा काळ्या ग्रॅनाइटच्या भिंतीचा आराखडा निवडला होता. ना घोडा, ना झेंडा, फक्त मृतांची नावं. काही माजी सैनिकांना तो लाजेचा डाग वाटला. तडजोड म्हणून जवळच तीन सैनिकांचा ब्राँझचा पुतळा उभारावा लागला. १९९२ मध्ये क्लिंटन यांनी भरती कशी चुकवली आणि २००४ मध्ये केरी यांची पदकं खरी की खोटी, यावर राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकांचे प्रचार रंगले.

सगळ्यात खोल ओरखडा सरकारवरच्या विश्वासावर उमटला. सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करतं, असं मानणारे १९६४ मध्ये ७७ टक्के होते. दहा वर्षांनी, वॉटरगेट प्रकरणाचीही भर पडल्यावर, ते ३६ टक्के उरले. तो विश्वास त्या उंचीला पुन्हा कधीच गेला नाही.

भरती ऐच्छिक झाल्यामुळे पुढची युद्धं शांतपणे लांबत गेली. अफगाणिस्तानात अमेरिका वीस वर्षं लढली, तरी रस्त्यांवर व्हिएतनामच्या काळासारखी गर्दी झाली नाही. त्याला एकी म्हणता येणार नाही. युद्धाची झळ थोड्याच घरांना लागत होती आणि बाकीच्यांना तिच्याकडे बघण्याची गरज उरली नव्हती. म्हणून लांबलेल्या युद्धात देश किती दुभंगलाय हे मोर्च्यांच्या लांबीवरून मोजू नये. कोणाची मुलं जातात, कोणाची सुटतात आणि सरकारच्या आकड्यांवर कोणाचा विश्वास उरलाय, हे आधी विचारावं. व्हिएतनामच्या काळात हेच तीन प्रश्न मोर्च्यांच्या गोंगाटात मागे पडले होते.