अवर्षण आणि दुष्काळ

बार्शीहून सोलापुरास जाणाऱ्या रस्त्यावर वैराग हें बाजाराचें गांव लागतें. भोंवतालची जमीन काळी आणि ओल धरून ठेवणारी आहे. परंतु मोसमी ढग आपलें बहुतेक पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरच रिकामें करून येतात, आणि या भागाच्या वांट्यास वर्षाकाठीं सरासरीनें पंचवीस इंचांच्या आंतबाहेर पाऊस येतो. तोहि लहरी. येथलें मुख्य पीक शाळू. उत्तरा-हस्ताचा पाऊस वेळेवर झाला तर घरांत वर्षाची भाकरी येते आणि गुरांना कडबा मिळतो. तो हुकला तर शेतकऱ्यास बी देखील परत मिळत नाहीं.

पाऊस हुकणें कोणाच्याहि हातचें नाहीं. परंतु पाऊस हुकला म्हणजे माणसें उपाशी मरावींत हा निसर्गाचा नियम नव्हे. एकाच गांवांत, एकाच वर्षीं एकाच्या कणगींत धान्य असतें आणि दुसऱ्याच्या चुलींत विस्तव नसतो. अवर्षण सर्वांवर सारखें येतें. दुष्काळ मात्र माणूस पाहून येतो. असें कां व्हावें, याचा उलगडा करण्यास याच मुलुखाचा इतिहास उपयोगी पडतो.

वैरागहून बार्शी ओलांडून पुढें गेलें म्हणजे परांड्याचा किल्ला लागतो. १६०० सालीं अहमदनगर मोंगलांच्या हातीं पडलें, तेव्हां मलिक अंबरानें दुसऱ्या मुर्तजा निजामशहास गादीवर बसवून कांहीं काळ येथेंच राजधानी केली. अंबर हा जन्मानें हबशी, म्हणजे आफ्रिकेंतील ॲबिसीनिया देशाचा. लहानपणींच तो गुलाम म्हणून विकला गेला, आणि एका धन्याकडून दुसऱ्याकडे जात बगदादमार्गें दक्षिणेंत निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरीं आला. हा चंगीझखानहि मूळचा हबशी गुलामच होता. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर स्वतंत्र झाला आणि स्वतःच्या कर्तबगारीवर राज्याचा सूत्रधार बनला.

त्याच्या लढायांची हकीकत बहुतेकांना ठाऊक असते. त्याच्या महसुलाची पद्धत तितकीशी ठाऊक नसते. जमाबंदी मक्त्यानें देण्याची चाल त्यानें मोडली, जमिनीची प्रतवारी लाविली, आणि सरकारचा हिस्सा प्रत्यक्ष उत्पन्नाचा अंश म्हणून ठरविला. प्रथम तो धान्यरूपानें सुमारें दोन-पंचमांश असे. पुढें सुमारें एक-तृतीयांशाच्या किंमतीइतकी रोकड घेण्यांत येऊं लागली. हा आंकडा हलका नव्हता. पण पीक उतरलें म्हणजे सारा उतरे, हें त्यांतील मर्म. त्यानेंच वसविलेल्या खडकी नगरास, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, त्यानें डोंगरांतील झऱ्यांचें पाणी भुयारी नहरीनें आणिलें. पाणी केवळ उताराच्या जोरावर वाही. मधून मधून चुनेगच्ची मनोरे उभारून त्यांतून तें वर चढविलें जाई आणि वस्तींत वांटलें जाई. जमिनीखालून वाहणारें पाणी उन्हानें आटत नाहीं, ही गोष्ट कोरड्या मुलुखांत मोठ्या मोलाची आहे.

१६२६ सालीं अंबर वारला, आणि १६३० चा भयंकर दुष्काळ आला तेव्हां त्याच मुलुखांत युद्धाचा वणवा पेटलेला होता. एका माणसाच्या हिमतीवर उभी असलेली घडी त्याच्यामागें टिकत नाहीं, हा त्यांतला कटु धडा.

दुसरा प्रसंग १८७६-७७ चा. इंग्रजी अमलांत सारा तीस वर्षांच्या मुदतीनें रोख रकमेंत ठरलेला असे. पिकाच्या चढउताराशीं त्याचा संबंध तुटला होता. सारा भरण्यास शेतकरी सावकाराकडे जाई, आणि घर सावकाराचें झालें म्हणजे अवर्षणाच्या वर्षीं धान्य विकत घेण्यास त्याच्याजवळ कांहींच उरत नसे. १८७६ सालीं पाऊस गेला आणि सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. सरकारनें दुष्काळी कामें काढलीं. आष्टीच्या तलावाचें काम त्याच वेळचें. परंतु सर रिचर्ड टेंपल यांनीं जानेवारी १८७७ मध्यें मजुरी कमी केली: कष्टाचें काम करणाऱ्या पुरुषास रोज एक रत्तल धान्याची किंमत आणि वर एक आणा. मुंबई इलाख्यांत हजारों मजुरांनीं कामें सोडलीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू हातीं घेऊन सरकारकडे अर्जांचा पाठपुरावा केला. उपाशी माणसांनींहि भिक्षा न मागतां योग्य मजुरी मागितली, ही त्या वर्षाची विसरूं नये अशी गोष्ट आहे.

तिसरा प्रसंग १९७२ चा. तो पाहिलेलीं माणसें वैरागकडे आजहि भेटतात. विहिरी कोरड्या पडल्या, गुरें कवडीमोलानें विकलीं गेलीं. तरी त्या वेळीं माणसें मोठ्या संख्येनें मेलीं नाहींत. खडी फोडण्याचीं, रस्त्यांचीं, पाझर तलावांचीं, नालाबंडिंगचीं कामें निघालीं. १९७३ च्या उन्हाळ्यांत राज्यभर अशा कामांवर सुमारें पन्नास लक्ष मजूर होते. परदेशची लाल ज्वारी लोकांनीं नाक मुरडीत खाल्ली, मुलांना सुकडी मिळाली. मजुरीचे पैसे हातीं आले, म्हणून बाजारांतील धान्य घरांत आलें. अमर्त्य सेन यांनीं १९८१ च्या आपल्या ग्रंथांत दुष्काळाची जी मीमांसा केली ती हीच: धान्य देशांत असून भागत नाहीं, तें मिळविण्याचा हक्क माणसाच्या हातीं असावा लागतो. त्या हक्काची महाराष्ट्रांतील मांडणी वि. स. पागे यांची. १९६५ सालीं तासगांव तालुक्यांत त्यांच्या कल्पनेचा प्रयोग झाला. पुढें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा मंजूर होऊन १९७९ च्या २६ जानेवारीस अमलांत आला. मागेल त्यास काम, आणि स्त्री-पुरुषांस एकच दर. १८७७ मध्यें मजुरांना जें नाकारलें गेलें तें शंभर वर्षांनीं कायद्यांत उतरलें.

येथें एक प्रश्न उरतो. गांवांतील एकच विहीर जिवंत असली तर तिच्यावर पहिली घागर कोणाची? महाडच्या तळ्यावर १९२७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं हाच प्रश्न जगापुढें मांडला. ज्यांना सुकाळींहि पाणवठा मोकळा नव्हता, त्यांना दुष्काळांत शेवटचा गढूळ घोट मिळे. अंबराच्या जातभाईंचीहि गत याहून फार निराळी नाहीं. हबशांच्या एका शाखेनें जंजिऱ्यास राज्य केलें. परंतु यल्लापूर, हल्याळ, मुंदगोडच्या रानांत राहणारे गरीब सिद्दी दुसऱ्याच्या शेतावर राबत राहिले. उत्तर कन्नड जिल्ह्यांतील सिद्दींची अनुसूचित जमातींत गणना झाली ती २००३ सालीं. ज्याची सरकारदरबारीं नोंदच नाहीं, त्याच्यापर्यंत संकटांतली मदत पोंचत नाहीं.

तेव्हां उत्तरा-हस्त कोरडे गेले म्हणजे वैरागसारख्या गांवानें आकाशाकडे पाहण्याबरोबरच आपल्याकडेहि पाहावें. पावसाळ्याचें पाणी कोठें मुरविलें आहे? पीक बुडालें तर देणें थांबतें काय? हाताला काम आणि कामाला पुरेसा दाम मिळतो काय? आणि टँकर आला म्हणजे तो वेशीशीं थांबतो, कीं वेशीबाहेरच्या वस्तीपर्यंत जातो? यांतील शेवटच्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास कागद लागत नाहीं; टँकर आल्या दिवशीं गांवाच्या टोकाच्या घरांतील रांजण उघडून पाहिला म्हणजे पुरे.