कागद खरे, बाई खोटी

टोकियोतला एक तरुण बँक कर्मचारी आपल्या होणाऱ्या बायकोला म्हणतो, तुझ्याकडे क्रेडिट कार्ड नाही? चल, अर्ज भरून टाकू. अर्ज नामंजूर होतो. चौकशी केल्यावर कळतं, या नावाच्या बाईने काही वर्षांपूर्वी कोर्टात दिवाळखोरी जाहीर केली आहे. तो तिला विचारतो. तिचा चेहरा पांढराफटक पडतो, आणि ती गायब होते. घर सोडलं, नोकरी सोडली, मागे पत्ता नाही.

मियुकी मियाबे यांची ‘काशा’ ही जपानी कादंबरी इथून सुरू होते. 1992 साली ती प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला यामामोतो शुगोरो पुरस्कार मिळाला. अल्फ्रेड बर्नबॉम यांनी 1996 मध्ये केलेला इंग्रजी अनुवाद ‘ऑल शी वॉज वर्थ’ या नावाने मिळतो. माझी सगळी नोकरी बँकेत खाती उघडण्यात आणि कागद तपासण्यात गेली. त्यामुळे रहस्यकथांमधले खून मी चहा पिता पिता वाचते, पण ही वाचताना चहा गार झाला. यातला गुन्हा थेट आमच्या टेबलावरचा होता.

गुडघ्याच्या दुखापतीमुळे रजेवर असलेला होन्मा नावाचा पोलीस त्या मुलीचा, शोको सेकिनेचा, शोध घेतो. दिवाळखोरीचा खटला चालवणाऱ्या वकिलाला तो तिच्या नोकरीच्या अर्जावरचा फोटो दाखवतो. वकील म्हणतो, ही माझी अशील नव्हेच. नाव तेच, जन्मतारीख तीच, बाई मात्र दुसरी. मग खरी शोको कुठे आहे?

हे जमलं कसं, हे समजायला जपानची ‘कोसेकी’ माहीत हवी. ही प्रत्येक कुटुंबाची सरकारी नोंदवही. जन्म, लग्न, दत्तक, मृत्यू, सगळं तिच्यात चढतं. राहत्या पत्त्याची नोंद वेगळी असते. कुठल्याही कामाला यांच्या नकला लागतात. पण कोसेकीत फोटो नसतो, आणि त्या काळी नक्कल मागायला आलेला माणूस खरंच तोच आहे का, हे काटेकोरपणे कोणी पाहत नसे. कायद्याने ही तपासणी सक्तीची झाली ती 2008 च्या मे महिन्यापासून. म्हणजे कादंबरीतल्या बाईला ना तिजोरी फोडावी लागली, ना संगणक. तिने रीतसर अर्ज केले आणि रीतसर कागद मिळवले.

सावज निवडायची तिची पद्धत त्याहून भयंकर. खरं नाव क्योको शिंजो. ती बायकांचे आतले कपडे टपालाने विकणाऱ्या एका कंपनीत कामाला होती. ग्राहकांनी विश्वासाने भरून दिलेल्या माहितीतून तिने आपल्याला हवी तशी बाई हुडकली. वय साधारण आपल्याएवढं, एकटी राहणारी, जवळचं माणूस जवळपास नसलेली. आज ज्याला आपण डेटा लीक म्हणतो, ते मियाबेबाईंनी घरोघरी इंटरनेट पोहोचायच्या आधी लिहून ठेवलं.

पण क्योकोला नुसती खलनायिका म्हणून सोडून देता येत नाही. तिच्या वडिलांनी घरासाठी कर्ज काढलं, हप्ते थकले, ते फेडायला आणखी कर्ज काढलं, आणि शेवटी वसुलीचे गुंड दारात आले. सगळं कुटुंब रातोरात पळालं. पुढे तिचं लग्न झालं, लग्नाची नोंद कोसेकीत झाली, आणि त्या नोंदीचा माग काढत गुंड सासरी पोहोचले. एका प्रसंगात ती नवऱ्यासोबत वाचनालयात बसून सरकारी राजपत्राची पानं उलटत असते. बेवारस मृतांच्या नोंदी त्यात छापल्या जातात, आणि ती बापाशी जुळणारी नोंद शोधत असते. ‘मेलेला असू दे’ असं मनातून म्हणत ती पानावर वाकलेली असते. ते पाहून नवरा हादरतो. तिथेच तो संसार मोडतो.

ज्या नोंदीने तिला जगू दिलं नाही, तसलीच दुसऱ्या कोणाची नोंद पांघरून ती जगू पाहते. आणि नशीब असं, की कर्जापासून पळताना तिने नाव उचललं ते एका कर्जबुडव्या बाईचं. ते तिला ठाऊकच नव्हतं.

वाचताना मला आमच्याकडचा इंट्रोड्यूसर आठवत राहिला. पूर्वी खातं उघडायला जुना खातेदार आणावा लागे. ‘मी यांना ओळखतो’ म्हणून तो फॉर्मवर सही करी, आम्ही ती सही नमुन्याच्या कार्डाशी ताडून पाहत असू. फोटोवर अर्धा आणि कागदावर अर्धा असा शिक्का मारायचा, की काम झालं. गावात नव्याने आलेल्या मजुराला असा ओळखीचा कुठून मिळणार? म्हणून 2012 च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, हा आग्रह धरू नका. ते योग्यच झालं. पण ‘मी ओळखतो’ म्हणणारा माणूस फॉर्मवरून गेला आणि ओळखीचा सगळा भार कागदावर आला. आता तर तो कागद म्हणजे मोबाईलमधला फोटो.

आपल्याकडे दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 सी खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण कायदा मागाहून येतो. आधी करण्यासारखं बरंच आहे. आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर कारण आणि तारीख लिहून आडवी रेघ मारा, जमेल तिथे मास्क्ड, म्हणजे पहिले आठ अंक झाकलेलं, आधारच द्या. आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते संचार साथी या सरकारी पोर्टलवर दिसतं. सिबिलसारख्या चार कंपन्या वर्षाला एक पूर्ण क्रेडिट रिपोर्ट फुकट देतात. न घेतलेलं कर्ज तिथे पहिल्यांदा दिसतं. पैसे गेलेच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर तातडीने फोन करा.

होन्माच्या तपासात एकही सरकारी दप्तर स्वतःहून बोललं नाही. बोलली ती माणसं: चेहरा आठवणारा वकील, आणि खऱ्या शोकोसाठी हातातलं काम टाकून आलेला तिचा बालमित्र. शेवट मी सांगणार नाही. पण कादंबरी मिटल्यावर मी काय केलं ते सांगते. एकट्या राहणाऱ्या माझ्या मावशीला शेजारी बसवून तिचा क्रेडिट रिपोर्ट काढला आणि एकेक ओळ वाचून दाखवली. असे चोर अशीच माणसं शोधतात, ज्यांची विचारपूस करायला कोणी नाही. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल, तर येत्या रविवारी तासभर त्यांच्याकडे जाऊन बसा.