तुतीची जात आणि अळीचं वय

रेशीम शेतीची चौकशी करायला गेलं की मराठवाड्यात पहिला सल्ला मिळतो, "व्ही-1 लावा, बाकी काही बघू नका." सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेने काढलेली ही जात ओलिताखाली, भरपूर शेणखतावर हेक्टरी वर्षाला 60 टन आणि त्याहून जास्त पाला देते. जुनी एम-5 तेवढ्याच रानात निम्म्यापर्यंत जाते. पण हे आकडे पाणी असेल तरचे. उन्हाळा लागताच विहीर तळ गाठत असेल, तर व्ही-1कडून त्या पाल्याची आशा धरू नये. कोरडवाहू काळ्या जमिनीसाठी एस-34 ही वेगळी जात आहे, तिची माहिती आधी विचारावी.

दुसरा गैरसमज जास्त नुकसान करतो: मोठं, जाड, गर्द हिरवं पान म्हणजे सकस पान, ते कुठल्याही अळीला चालतं. अंड्यातून निघालेली अळी जेमतेम तीन मिलिमीटरची असते. तिला जून पान चावतच नाही. चॉकीच्या, म्हणजे पहिल्या दोन अवस्थांच्या अळ्यांसाठी शेंड्याजवळचं मोठं चकचकीत पान आणि त्याखालची तीन-चार पानं खुडतात, ती बारीक चिरून घालतात. या पानात पाणी भरपूर हवं, तासाभरात ते कोमेजता कामा नये. इथे एस-36 उजवी ठरते. तिचं पान मऊ, रसदार असतं आणि पाणी धरून ठेवतं. उत्पादन मात्र व्ही-1पेक्षा बरंच कमी, आणि कलमंही तितकी सहज फुटत नाहीत. म्हणून कोणी सगळी बाग एस-36ची करत नाही आणि करूही नये. पहिल्या दोन अवस्थांत एकूण पाल्यातला दोन-तीन टक्केही लागत नाही. चॉकीपुरता छोटा तुकडा पुरतो. चॉकी केंद्रातून दुसरी कात टाकलेल्या अळ्या आणणाऱ्याला तर तोही लागत नाही. त्याच्या शेडमध्ये खरा फडशा चौथ्या-पाचव्या अवस्थेत पडतो आणि तिथे फांदीसकट घालायला व्ही-1 उत्तमच.

पाला वाढला की कोषही वाढतात, असंही धरून चालतात. नुसत्या युरियावर फोफावलेला किंवा दाट सावलीतला पाला दिसायला हिरवागार असतो, पण त्यावर अळ्या रोगाला लवकर बळी पडतात आणि कोष हलके येतात. रेशमातली बहुतेक प्रथिनं तुतीच्या पानातूनच येतात, त्यामुळे ही कसर पुढे कशानेही भरून निघत नाही.

नवी लागवड करणाऱ्याने बेणं आणताना बाग स्वतः पाहून घ्यावी: सहा ते आठ महिन्यांच्या निरोगी फांद्या, पेन्सिलीएवढी जाडी, प्रत्येक कलमावर तीन-चार डोळे, आणि सगळी झाडं एकाच जातीची.