फालूनच्या ताम्रखाणीचा सर्वांत जुना दस्तऐवज

एखाद्या स्थळाचा सर्वांत जुना कागद हातीं आला, कीं त्याच सालीं त्याचा आरंभ झाला असें मानण्याचा मोह संशोधकांस होतो. तो किती फसवा आहे, हें स्वीडन देशांतील फालून येथील तांब्याच्या खाणीवरून आम्हांस दिसून आलें. या खाणीचा पहिला उपलब्ध दस्तऐवज ता. १६ जून १२८८ चा आहे. वेस्तेरोसचा बिशप पेटर यानें खाणीचा पूर्वीं दिलेला आठवा हिस्सा जमिनीच्या मोबदल्यांत परत घेतला, एवढाच त्यांतील आशय. परंतु जिचे हिस्से पडले होते व त्यांची देवघेवही होत होती, ती खाण त्या सालीं नवी कशी असेल? गाळाच्या व परागकणांच्या परीक्षेनेंही तिचा आरंभ कांहीं शतकें मागें जातो.

पुढें १३४७ त राजा माग्नुस एरिक्सन यानें खाणीस सनद दिली. १६८७ त मोठा भाग कोसळून प्रचंड खड्डा पडला. ८ डिसेंबर १९९२ रोजीं खाणकाम कायमचें थांबलें.

तात्पर्य, कागदाचें साल म्हणजे वस्तूची जन्मतिथि नव्हे. त्या सालापूर्वीं ती होती, इतकेंच त्यावरून सिद्ध होतें. आपल्या वतनपत्रांत ‘पूर्वापार’ हा शब्द येतो, तेथेंही हाच न्याय लावावा, असें आमचें मत आहे.