डिलनने गाळलेले गाणे

बॉब डिलन म्हणजे मिनेसोटातल्या यहुदी घरातला रॉबर्ट झिमरमन, जन्म १९४१चा. २०१६ साली साहित्याचे नोबेल मिळाले तोच. त्याच्या चाहत्यांत एक भांडण आहे, मिटता मिटत नाही.

१९८३ साली 'इन्फिडल्स' तबकडीसाठी त्याने 'ब्लाइंड विली मॅक्टेल' हे गाणे ध्वनिमुद्रित केले. जॉर्जियातल्या एका अंध ब्लूज गायकाचे त्यात नाव आहे. आणि तबकडीतून नेमके तेच गाळले! चोरून केलेल्या कॅसेटी हातोहात फिरल्या. रीतसर ते १९९१ला निघाले. पियानोवर डिलन, गिटारवर मार्क नॉफ्लर, बस्स. पुढे २०२१ला ड्रम वगैरे साथीचे दुसरे मुद्रणही निघाले. आता कोणते सरस?

आम्ही पियानोवालेच, बरं का. साथ भरली की गाण्यातली उदासी पातळ होते. पण डिलन २००६च्या एका मुलाखतीत म्हणाला, ते पुरे झालेच नव्हते. मग गायकाने झाकून ठेवलेले आपण ऐकावे का? काही चाहते नको म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. १९९३ला 'द बँड'ने ते गायले, ते ऐकून डिलन स्वतःच रंगमंचावर गाऊ लागला ना!

मुलांनो, दोन्ही मुद्रणे आजोबांना ऐकवा आणि त्यांचे मत आम्हाला कळवा.