अस्थिमज्जा-प्रत्यारोपणातील प्रतिपिंड-चिकित्सा आणि आपले कर्तव्य

रक्ताच्या कर्करोगावरील उपचारात दुसऱ्याची अस्थिमज्जा किंवा रक्तातील मूलपेशी स्वीकारलेले रुग्ण पुढे अशक्तपणा, अरुची, पुरळ अशा तक्रारी घेऊन आपल्या चिकित्सालयांत येतात. त्यांना रसायनौषधी सुचविण्यापूर्वी त्यांच्यावर झालेल्या चिकित्सेचे स्वरूप जाणून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मूत्रपिंडादी अवयवांच्या प्रत्यारोपणात शरीर परक्या अवयवास नाकारू पाहते. येथे प्रकार उलट घडतो. दात्याकडून आलेल्या टी-पेशी रुग्णाच्या शरीरासच परके मानून त्यावर आघात करतात. यास ‘ग्राफ्ट व्हर्सस होस्ट डिसीज’ म्हणतात. तीव्र प्रकारात त्वचा, यकृत व आतडी ही मुख्य स्थाने. म्हणून पुरळ, कावीळ व अतिसार ही लक्षणे. जीर्ण प्रकारात नेत्र व मुख कोरडे पडतात, त्वचा कठीण होते.

याच्या प्रतिबंधाचा एक उपाय म्हणजे ‘अँटी-थायमोसाइट ग्लोब्युलिन’. मानवी टी-पेशी सशांना टोचल्यावर त्यांच्या रक्तात जी प्रतिपिंडे निर्माण होतात, ती शुद्ध करून प्रत्यारोपणाच्या आधीच्या दिवसांत शिरेवाटे देतात. ती टी-पेशींना चिकटून त्यांची संख्या घटवितात. भावंडांच्या मूलपेशी घेतलेल्या तीव्र रक्तकर्करोगाच्या रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. दोन वर्षांत जीर्ण व्याधी प्रतिपिंडे मिळालेल्यांपैकी सुमारे ३२ टक्क्यांत, तर न मिळालेल्यांपैकी सुमारे ६९ टक्क्यांत उद्भवली. एकंदर जीवितमानात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही.

या लाभाचे मोल म्हणजे क्षीण झालेली प्रतिकारशक्ती. कित्येक महिने विषाणू व बुरशीच्या संसर्गाचे भय राहते. सोबत सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमसही चालू असते. येथे प्रतिकारशक्ती हेतुपुरस्सर दाबलेली असते. म्हणून ती वाढविण्यासाठी गुळवेल किंवा अश्वगंधा देणे चिकित्सेच्या हेतूलाच छेद देणारे ठरू शकते. त्रिकटूतील मिरी व पिंपळी यांमधील पायपरीन या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवू शकते आणि त्याचा भार मूत्रपिंडावर पडतो. न शिजविलेल्या चूर्णांतून बुरशीचे बीजाणू शरीरात जाण्याचा धोका वेगळाच.

म्हणून प्रश्नपरीक्षेत प्रत्यारोपणाची तारीख व चालू औषधे अवश्य विचारावीत. अशा रुग्णाचा अतिसार कुटजावर सोपवून वाट पाहू नये. ज्वर, कावीळ, नवे पुरळ किंवा अतिसार दिसताच त्याच दिवशी त्यास प्रत्यारोपण केंद्राकडे पाठवावे. औषधालयचालकांनीही अशा रुग्णास केंद्रातील तज्ज्ञांच्या संमतीवाचून कोणतेही रसायन किंवा चूर्ण देऊ नये. काही प्रसंगी औषध न देणे हीच योग्य चिकित्सा असते.