काय काढलं ते कळलं, भरलं काय? अ‍ॅलर्जी असलेल्या बाळाचं वरचं खाणं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचं हे लेखी रूप. विषय आहे बाळाचं वरचं खाणं. पण बाळाला दोन-तीन पदार्थांची अ‍ॅलर्जी आहे आणि वजनही सावकाश वाढतंय, अशा वेळचं.

माझ्या ताईची मुलगी इथेच नागपुरात असते. आठ महिन्यांची आहे, वजन साडेसहा किलो. डॉक्टरांनी दूध, अंडं आणि गहू बंद केलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात आठ महिन्यांच्या मुलींची मधली रेषा ७.९ किलोवर आहे, आणि ६.३ च्या खाली गेलं की कमी वजन धरतात. म्हणजे आमची पोर अगदी काठावर. अशा घरात सगळे एकच विचारतात, ‘हे चालेल का? ते चालेल का?’ बंद पदार्थांची यादी फ्रिजवर चिकटते. पण काढलेल्या पदार्थाच्या जागी काय आलं, हे फारसं कोणी विचारत नाही. वजन अडतं ते इथेच.

हिशोब करून बघा. बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण ३० मिली मावतं. साडेसहा किलोच्या बाळाला म्हणजे जेमतेम २०० मिली, एक वाटी. आईचं दूध चालू असताना ६ ते ८ महिन्यांत वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० कॅलरी हव्यात, ९ ते ११ महिन्यांत सुमारे ३००. आता आपली पद्धत आठवा: उष्टावणाला खीर, नंतर मऊ वरण-भात आणि वर तूप. दूध बंद झालं की खीर गेली, दही गेलं, आणि दुधाची प्रथिनं थोडी उरलेली असू शकतात म्हणून तूपही गेलं. राहिलं काय, तर वरणाचं पाणी आणि भाताची पेज! पोट भरतं, बाळ झोपतं, आणि काटा तिथेच.

म्हणून पहिली भरपाई तेलाची. एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली तेल, सुमारे ४० कॅलरी देतं आणि जागा जवळजवळ घेत नाही. सूर्यफुलाचं रिफाइंड तेल किंवा खोबरेल वरणात घालता येतं. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल नको. त्यात शेंगदाण्याचं प्रथिन उरतं.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार आवडते, कारण ती शुद्ध रसायनशास्त्र आहे. लापशी घट्ट केली तर बाळ गिळत नाही, पातळ केली तर ताकद जाते. यावर १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि सहकाऱ्यांनी बरंच काम केलं. धान्याला मोड आले की त्यात अमायलेज नावाचं एन्झाइम तयार होतं, ते स्टार्च तोडतं. घट्ट, गरम पण उकळत नसलेल्या लापशीत मोडाच्या पिठाचा एक छोटा चमचा ढवळला की काही मिनिटांत ती पातळ होते, पाणी न घालता! मग एक उकळी द्यायची. नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, सुकवा, अगदी हलकी भाजा, दळा. जास्त भाजलं तर एन्झाइम मरतं. गहू बंद असलेल्या बाळालाही नाचणी सहसा चालते. विदर्भात ज्वारी जास्त, हे खरं, पण ज्वारीच्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, म्हणून या कामाला नाचणीच बरी.

आता यादीबद्दल. रक्ताची किंवा त्वचेची चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे तो पदार्थ बाधतोच असं नाही. खाल्ल्यावर काय होतं तेही डॉक्टर बघतात. फक्त रिपोर्ट बघून दहा पदार्थ काढले तर बाळ उपाशीच राहील ना, भाऊ. नवीन पदार्थ एका वेळी एकच द्या, सकाळी द्या, दोन-तीन दिवस थांबा, मोबाईलवर नोंद ठेवा. आम्ही कोडमधला बग असाच शोधतो: एका वेळी एक बदल. काही बाळांना साध्या भातानेही दोन-तीन तासांनी जोरात उलट्या होतात, म्हणून नोंदीत वेळ लिहाच. जे अजून बाधलेलं नाही, ते भीतीने लांबवण्यातही अर्थ नाही. २०१५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या ६४० बाळांवरचा अभ्यास छापला. लहानपणापासून शेंगदाणा टाळलेल्यांपैकी १७.२ टक्क्यांना पाचव्या वर्षी त्याची अ‍ॅलर्जी होती, नियमित खाल्लेल्यांपैकी ३.२ टक्क्यांना. आधीच अ‍ॅलर्जी किंवा जास्त एक्झिमा असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारूनच. आणि दाणा अख्खा कधीच नाही, बारीक कूट पातळ करून.

‘बकरीचं दूध द्या’ हा सल्ला तुम्हालाही मिळेल. गायीच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेक बाळांना बकरीचं आणि म्हशीचंही बाधतं, कारण प्रथिनं जवळपास सारखीच असतात. आईचं दूध मात्र चालू राहू द्या. डॉक्टरांनी आईलाही दूध बंद करायला सांगितलं तर तिच्या कॅल्शियमचं विचारून घ्या. पाकिटावर केसीन, व्हे, मिल्क सॉलिड्स हे शब्द शोधा, तेही दूधच.

वजन दर महिन्याला एकाच काट्यावर, शक्यतो अंगणवाडीत, कमीत कमी कपड्यांत. सलग दोनदा वाढलं नाही तर डॉक्टरांकडे नोंदवही घेऊन जा. ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घरघरला, बाळ गळून गेलं तर वाट बघू नका, लगेच १०८.